नाताळच्या फराळाचा डबा : आधी यादी माणसांची



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरोघरी दोन प्रकारची तयारी चालते. एक प्रार्थनेची, पापनिवेदनाची आणि गोठ्याची, दुसरी कढईची. पहिल्या तयारीविषयी फादर दर रविवारी वेदीवरून सांगतातच. दुसरीविषयी मात्र कोणी सांगत नाही, आणि ती आपोआप होते असे सर्वांना वाटते. ती आपोआप होत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारावे. म्हणून ह्या वेळी ह्या पानावर आम्ही नाताळच्या फराळाचा डबा कसा योजावा आणि कसा भरावा, एवढेच लिहिणार आहोत. आम्ही म्हणजे आपल्या धर्मग्रामातल्या त्या चारपाच जणी, ज्या गेली काही वर्षे चर्चच्या हॉलमध्ये बसून हे डबे भरतो, आणि ज्यांच्या हातून ह्या कामात चुकाही पुष्कळ झाल्या आहेत.

पहिली चूक आधी सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यातूनच आम्ही शिकलो.

आपल्याकडे ताट रिकामे परत पाठवत नाहीत. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट आले की ते धुऊन, पुसून, काही दिवस फळीवर ठेवायचे आणि नाताळला आपल्या करंज्या-लाडू घालून परत करायचे, ही रीत आपण आजीपासून पाहत आलो. रीत चांगलीच आहे. वाशीमसारख्या गावात आपली घरे मोजकी. दिवाळी, ईद आणि नाताळ ह्यांच्या ताटांनीच आपली गल्ली एकमेकांना ओळखते. पण ह्या चांगल्या रीतीचा हळूहळू हिशेब होतो. त्यांनी पाच जिन्नस दिले तर आपण सहा द्यावेत. त्यांनी नुसता चिवडा दिला तर आपणही चिवड्यावर भागवावे. आमच्या पहिल्या वर्षीच्या डब्यांची यादी आम्ही ह्याच हिशेबाने केली होती. ज्यांच्याकडून येते, त्यांना गेले.

त्या वर्षी एका मावशींना डबा द्यायचे कुणीतरी ऐनवेळी सुचवले. यजमान वारलेले, मुलगा पुण्याकडे कामाला, सोयाबीनचे पैसे औषधाला गेलेले. आम्ही डबा नेला तर त्यांनी दार अर्धेच उघडले आणि म्हणाल्या, “नको गं बाई, माझ्याकडं ह्या साली घालून द्यायला काही नाही.” आमच्यातल्या एकीने डबा ओट्यावर ठेवला आणि आम्ही निघून आलो. ते बरोबर होते की चूक, ह्यावर आमच्यात अजून वाद आहे. पण नाताळचा डबा हातात घ्यायला एखाद्या माउलीला लाज वाटावी, एवढे आपण त्याचे देणेघेणे करून ठेवले आहे, हे त्या अर्ध्या दारातून आम्हाला दिसले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका परूश्याच्या घरी जेवायला बसलेला असतो. तिथे तो यजमानालाच सांगतो की, मेजवानी देशील तेव्हा मित्र, भाऊ, नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी ह्यांना बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि परतफेड होऊन जाईल. ज्यांच्याकडे परत द्यायला काही नाही त्यांना बोलाव. हा उतारा आपण अनेकदा ऐकला आहे, पण करंजीच्या ताटाला तो लागू होतो हे आमच्या ध्यानात आले नव्हते. जुन्या करारातही असाच एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले लोक यरुशलेममध्ये जमतात, एज्रा त्यांना नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि ते ऐकून लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आजचा दिवस रडण्याचा नाही. गोडधोड खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार झालेले नाही त्यांना वाटे पाठवा. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय ह्या आठवड्यात घरी काढून जरूर वाचावा. सणाच्या दिवशी वाटा पाठवणे ही काही केवळ आपल्या गल्लीची रीत नव्हे. ती फार जुनी आहे, आणि मुळात ती ‘ज्यांच्या घरी काही तयार नाही’ त्यांच्यासाठी आहे.

म्हणून आता आम्ही वाणसामानाच्या यादीआधी माणसांची यादी करतो.

यादीत सर्वांत वर दुःखाचे घर. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले असेल तिथे सणाला कढई चढवत नाहीत, ही चाल आपल्या हिंदू शेजाऱ्यांत आहे तशी आपल्यातही आहे. अशा घरी फराळ बाहेरूनच जायचा असतो. त्यानंतर एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, नाताळच्या आदल्या दिवशीही इस्पितळात असलेले. मग कामासाठी आलेली, इथे कुणी नातेवाईक नसलेली कुटुंबे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्यांची मागे राहिलेली माणसे. शेजाऱ्यांचे ताट ह्यानंतर, आणि ते अवश्य जावे. परतफेड बंद करा असे आमचे म्हणणे नाही. तिला पहिला नंबर देऊ नका, इतकेच.

प्रत्येक नावापुढे दोन शब्द लिहून ठेवावेत. दात आहेत की नाहीत, साखरेचा आजार आहे का, घरात अंडे चालते का, आणि डबा हाताने द्यायचा की एसटीने जायचा. हे चार प्रश्न विचारले की डब्यात काय घालायचे ते निम्मे ठरून जाते.

डब्यात काय असावे

नाताळचा खास पदार्थ म्हणून आपण केकचे नाव घेतो, पण आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांत खरा नाताळ करंजी, लाडू, चकली, शंकरपाळे ह्यांचाच होत आला आहे. काही तरुण मंडळींना वाटते की हे दिवाळीचे उसने आहे. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. गोव्यात नाताळच्या गोडधोडाला ‘कुसवार’ म्हणतात, आणि त्यात बेबिंका, दोदोल ह्यांच्या शेजारी ‘नेवरी’ असतेच. नेवरी म्हणजे आपली करंजी. मंगळूरच्या कोकणी कॅथोलिकांच्या कुसवारातही ती आहे. शेजाऱ्यांना नाताळचे ताट पाठवण्याला गोव्यात ‘कोन्सोआद’ असा पोर्तुगीज शब्दावरून आलेला शब्द आहे. शब्द परका, पण आत करंजी. तेव्हा आपल्या करंजीला डब्यात मानाची जागा द्यावी.

कुलकुल मात्र आपल्याकडे उशिरा आले. मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या घरांतून ते आपल्या सिस्टरांनी आणले आणि आता आपल्या मुलांना त्याशिवाय नाताळ वाटत नाही. पिठाची सुपारीएवढी गोळी नव्या, स्वच्छ धुतलेल्या फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची, की तिला शंखासारखे वळे पडतात. लहान मुलांना बसवून करण्याजोगे हेच एक काम आहे. त्यांचे निम्मे कुलकुल वेडेवाकडे होतात; ते वेगळे काढू नयेत, डब्यात तेच आधी संपतात.

नानखटाई बेकरीतून भाजून आणायची पद्धत आपल्या तालुक्यांच्या गावांत अजून आहे: मैदा, तूप, साखर आपली, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. ह्यात एक पथ्य पाळावे. नाताळच्या आठवड्यात भट्टीवर गर्दी असते, म्हणून दिवस आधी ठरवून घ्यावा आणि आपल्या डब्यावर नाव चिकटवून न्यावे. एका वर्षी आम्ही साजूक तुपाचे सामान देऊन कुणाची तरी वनस्पती तुपाची नानखटाई घरी घेऊन आलो होतो. घरीही ती होते. जुन्या जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण घालून दहा मिनिटे पातेले तापवावे. मग तूप लावलेल्या थाळीत नानखटाई मांडून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावी. बाहेर काढताना ती मऊच लागते. कच्ची राहिली म्हणून परत आत घालू नये, गार झाल्यावर ती खुसखुशीत होते.

तुपाविषयी एक शब्द. साजूक तूप परवडत नाही म्हणून सगळा फराळ वनस्पती तुपात करणारी घरे पुष्कळ आहेत, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. ट्रान्स फॅट हे वनस्पतीतले हृदयाला घातक द्रव्य २०२२ पासून सरकारी नियमाने २ टक्क्यांपर्यंतच ठेवावे लागते, त्यामुळे पूर्वीइतकी भीती राहिलेली नाही. मात्र सुटे, बिनछापाचे तूप घेऊ नये. आणि भजी-पुऱ्या तळून काळे पडलेल्या तेलात करंजी तळू नये. दोन दिवस काही कळत नाही, आठव्या दिवशी डबा उघडला की खवट वास येतो, आणि तोपर्यंत डबा दुसऱ्याच्या घरी पोचलेला असतो.

साखरेचा आजार असलेल्यांना गुळाचे लाडू पाठवून आपण त्यांची सोय केली असे समजू नये. रक्तातली साखर गुळानेही वाढतेच. त्यांच्या डब्यात चकली, कमी तेलाचा भाजक्या पोह्यांचा चिवडा, खारे शंकरपाळे, भाजलेले शेंगदाणे घालावेत, तेही बेताने. आणि एक करंजी घालावी. सणाला एकही गोड घास नसलेला डबा उघडताना म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते आम्ही पाहिले आहे. दात नसलेल्यांना चकली म्हणजे थट्टाच. त्यांना बेसनाचे लाडू आणि नानखटाई.

अंडे घातलेला केक वेगळ्या डब्यात द्यावा आणि तसे स्पष्ट लिहावे. आपले कितीतरी शेजारी माळकरी आहेत, कारंज्याकडे जैन घरे आहेत. त्यांना केक नको असतो असे नाही, पण करंजीला केक लागला की करंजीही त्यांच्या कामाची राहत नाही. अशा घरांसाठी नानखटाई आणि कुलकुल बिनअंड्याचेच करावेत.

बारा डब्यांचे माप

दोनतीन घरांनी मिळून बारा डबे करावेत. ह्याहून कमी केले तर कढई तापवण्याचे कष्ट वाया जातात, आणि जास्त केले तर शेवटचे डबे हातघाईने भरले जातात. एका डब्यात चार करंज्या, दोन बेसनाचे लाडू, पाच नानखटाया, चार चकल्या, मूठभर कुलकुल आणि शंभर ग्रॅम चिवडा असा साधारण सहाशे ग्रॅमचा वाटा होतो.

अठ्ठेचाळीस करंज्यांना बारीक रवा पाव किलो, मैदा पाव किलो, चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन आणि भिजवायला दूध. सारणाला सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस साडेतीनशे ग्रॅम, पिठीसाखर तीनशे ग्रॅम, भाजलेला रवा पाऊण वाटी, थोडी खसखस, वेलची. ओले खोबरे डब्याच्या करंजीत घालूच नये, ती दोनतीन दिवसांत आंबते. खोबरे महाग वाटले तर त्यातले अर्धे काढून आपल्या शेतातला भाजलेला तीळ आणि दाण्याचे कूट घालावे. नारळ आपल्या मातीतला नाही, तीळ आणि भुईमूग आहेत. ही करंजी चवीला कमी नाही, फक्त लवकर संपवावी असे सांगून द्यावी.

लाडवांना बेसन अर्धा किलो, तूप पाव किलो, पिठीसाखर साडेतीनशे ग्रॅम. बेसन मंद आचेवर अर्धा तास तरी भाजावे आणि कोमट झाल्यावरच साखर मिसळावी. गरम बेसनात साखर घातली तर ती विरघळते आणि लाडू बसका होतो. साठ नानखटायांना मैदा सहाशे ग्रॅम, बेसन शंभर, तूप चारशे, पिठीसाखर चारशे, बेकिंग पावडर एक चमचा. कुलकुलला अर्धा किलो मैद्यात शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे तूप आणि भिजवायला नारळाचे दूध. पीठ घट्ट हवे आणि तळण मंद आचेवर, म्हणजे आतपर्यंत कडक होते. चकली आणि चिवड्याचे माप इथे देत नाही. ज्या घरात भाजणी जशी होते तशीच ती त्या घराला आवडते, आणि त्यात लुडबूड करायची आमची छाती नाही.

सगळे थोडे जास्त धरावे. मोडलेले, जळलेले आणि घरातल्या मुलांनी येताजाता उचललेले मिळून बरेच जाते. मुलांना रागावू नये, त्यांच्यासाठी एक वाडगा आधीच वेगळा ठेवावा.

दिवस कसे लावावेत

नाताळपासून मागे मोजावे. माणसांची यादी आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, वाणसामान दुसऱ्या आठवड्यात. खोबरे किसणे, वेलची कुटणे, भाजणी दळून आणणे ही कामे आधी उरकतात. १७-१८ तारखेला कुलकुल आणि नानखटाई, कारण ती सर्वांत जास्त टिकतात. २० तारखेला लाडू, २१ ला चकली. २२ ला करंज्या आणि चिवडा. २३ ला डबे भरायचे, आणि २४ ला दुपारपर्यंत ते घरोघरी पोचलेले असावेत. संध्याकाळी गायनमंडळाचा सराव, मध्यरात्रीची मिस्सा. त्या वेळी कुणाच्या दारात डबा घेऊन उभे राहणे त्यांनाही अडचणीचे आणि आपल्यालाही. केक करायचा असेल तर २३ ला, आणि तो तीन दिवसांत संपवा असे सांगूनच द्यावा.

रिसोड, मानोरा, मंगरूळपीरकडचे डबे २२ लाच निघायला हवेत. त्यांच्यापुरत्या करंज्या आदल्या दिवशी कराव्यात, किंवा त्या डब्यात करंजीऐवजी शंकरपाळे घालावेत.

भरण्याची रीत

आमची दुसरी मोठी चूक इथली. दुसऱ्या वर्षी करंज्या रात्री उशिरा झाल्या, सगळ्या जणी थकलेल्या, आणि कोमट असतानाच आम्ही डब्यात भरून झाकणे लावली. आतल्या वाफेचे पाणी झाले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी डबा परत आणून दाखवला तेव्हा करंज्यांवर बुरशीचे ठिपके होते. ते रागावले नाहीत, “बाई, झाकण जरा लवकर लागलं,” एवढेच म्हणाले. तेव्हापासून आमचा नियम आहे: तळलेले सर्व काही सुती कापडावर पसरून किमान चार तास, शक्यतो रात्रभर, वरून जाळीची टोपली झाकून ठेवायचे. आपल्या डिसेंबरच्या कोरड्या थंडीत ते छान गार आणि कोरडे होते.

मऊ आणि कुरकुरीत पदार्थ एकमेकांना लागू देऊ नयेत. लाडवाचा किंवा केकचा ओलावा चकली ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. चिवडा आणि चकली वेगवेगळ्या पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून. जड पदार्थ तळाला: आधी लाडू, त्यावर बटर पेपर, मग नानखटाई, पुन्हा पेपर, मग करंज्या उभ्या लावून त्यांच्या फटींत कुलकुल. वर चिवड्याची पिशवी उशीसारखी ठेवली की एसटीच्या धक्क्यांनी करंजी फुटत नाही. हे आम्ही मानोऱ्याच्या एका डब्याचा चुरा झाल्यावर शिकलो.

वर्तमानपत्राचा कागद आत घालू नये. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते आणि पोटात जाते. अन्न सुरक्षा खात्याने २०१६ साली ह्याबद्दल सूचना काढली होती, तरी आपल्याकडे अजून शेव-चिवडा त्यातच बांधून मिळतो. महागडे सोनेरी खोके आणण्याचीही गरज नाही. एका वर्षी खोक्यांवर झालेल्या खर्चात आणखी तीन डबे भरले असते. झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा डबा पुरे. आत एका चिठ्ठीवर पदार्थांची नावे, कोणत्या दिवशी केले, अंडे आहे की नाही आणि आधी काय खावे, एवढे लिहावे. चिठ्ठीवर देणाऱ्या घराचे नाव लिहू नये असे आम्ही गेल्या तीन वर्षांपासून ठरवले आहे. फक्त ‘आपल्या चर्चकडून’ इतकेच. नाव नसले की कुणाला परत करायचे हा प्रश्नच उरत नाही. काही घरांना हे रुचले नाही, आणि त्यांचेही बरोबर आहे, कारण करंजी कोणाच्या हातची हे कळण्यातही एक गोडी असते. पण त्या मावशींनी पुढच्या वर्षी दार पूर्ण उघडले. एवढेच नाही, तर तीळ निवडायला त्या आता आमच्याबरोबर हॉलमध्ये येऊन बसतात, आणि आमच्या करंजीचे काठ नीट मुडपलेले नाहीत म्हणून आम्हाला बोलतातही.

यंदाची माणसांची यादी करणे सुरू आहे. आपल्या वाडीत किंवा गल्लीत असे घर माहीत असेल तर येत्या रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये आम्हाला हळूच सांगावे, सर्वांसमोर नाव घेऊ नये. चर्चला न येणारी, आपल्या धर्माची नसलेली घरेही सांगावीत. झाकण नीट बसणारे रिकामे डबे घरी असतील तर धुऊन, उन्हात वाळवून आणून द्यावेत. लोणच्याचे डबे कृपया नकोत, कितीही धुतले तरी नानखटाईला वास लागतो.